मुसळ, हात आणि वीज

 

मागच्या व्याख्यानानंतर एका ताईंनी आम्हाला थांबवून विचारलं, “सर, माझ्या सासूबाईंना लकवा मारला. उजवी बाजू गेली. घरी फिजिओथेरपीवाले येतात, हाताला मशीन लावतात. मशीन चालू असलं की बोटं उघडतात, बंद केलं की पुन्हा मूठ. या करंटनं हातात ताकद येते का हो?” आम्ही तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलं. आम्ही डॉक्टर नाही, हे त्यांना सांगितलं. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. विषयपत्रिकेवर आज दुसराच विषय होता, तो पुढे ढकलून आम्ही हा घेतला. आयोजकांची क्षमा मागतो.

विषय डोक्यातून न जाण्याला घरचं कारणही आहे, ते आधी सांगून टाकू. आमच्या धाकट्या भावाला लहानपणी पोलिओ झाला. १९६० च्या आसपासची गोष्ट. रोवणीचे दिवस, घरचे सगळे बांधीत. पोराला दोन दिवस ताप आला, ताप उतरला, आणि पोरगं उभंच राहीना. डावा पाय दोरीसारखा लोंबायला लागला. कोणीतरी सांगितलं की नागपूरला एक जण विजेनं पाय बरे करतो. बाबांनी बैलजोडी विकली. तीन महिने आई त्याला घेऊन नागपूरला नातेवाइकांकडे राहिली. आम्ही एकदा सोबत गेलो होतो. लाकडी पेटी, दोन ओल्या गाद्या, बटण दाबलं की मांडीचा स्नायू टुणकन उडायचा. आई म्हणायची, “पाहा, पायात जीव आला!” पेटीवाला मान डोलवायचा. जीव आला नव्हता. तीन महिन्यांनी पैसे संपले आणि सगळे परत आले. वाईट एवढंच नाही झालं की पाय बरा झाला नाही. तो तसाही पूर्ण बरा झाला नसता. वाईट हे झालं की त्या तीन महिन्यांत त्या पोराला कोणी एकदाही म्हटलं नाही, “तू उचलून पाहा रे.” सगळ्यांचं लक्ष पेटीकडे.

आता इतिहासाकडे येऊ, आणि मग परत या पेटीकडे.

विजेनं दुखणं बरं करायची कल्पना वीज काय आहे हे कळण्याच्याही आधीची आहे. पहिल्या शतकात रोममध्ये स्क्रिबोनियस लार्गस नावाच्या वैद्यानं लिहून ठेवलंय की डोकेदुखीवर आणि पायाच्या गाऊटवर समुद्रातला जिवंत टॉर्पेडो मासा लावावा, अवयव बधिर होईपर्यंत. हा मासा शरीरात वीज तयार करतो. आपल्या वैनगंगेत तसला मासा नाही, नाहीतर आपल्याकडेही कोणीतरी दुकान थाटलं असतं. (हशा) पण गंमत बाजूला ठेवा. बधिर होईपर्यंत लावावा, म्हणजे उपाय वेदनेवरचा होता, ताकदीवरचा नव्हता. हा फरक लक्षात ठेवा, तो शेवटपर्यंत लागणार आहे.

१७४५-४६ मध्ये लायडेन जार आला. काचेच्या बरणीत वीज साठवायची सोय. आणि मग युरोपात एकच धुमाकूळ. नोले नावाच्या फ्रेंच पाद्र्यानं राजासमोर १८० शिपायांना हातात हात धरून उभं केलं आणि एकदम सगळ्यांना उडवलं. करमणूक होती. पण करमणुकीत एक गोष्ट सगळ्यांनी पाहिली. विजेनं माणसाचे स्नायू त्याला न विचारता हलतात. साहजिकच पुढचा विचार सुचला, की ज्याचे स्नायू विचारूनही हलत नाहीत त्याला हे लावून पाहू.

बेंजामिन फ्रँकलिन म्हणजे पतंगवाले फ्रँकलिन. त्यांच्याकडे पेनसिल्व्हेनियातल्या गावोगावचे लकव्याचे रोगी यायला लागले. १७५७ मध्ये त्यांनी जॉन प्रिंगल या डॉक्टरला एक पत्र लिहिलं. आमच्या मते या विषयावरचं ते आजही सर्वात प्रामाणिक पत्र आहे. त्यांनी सांगितलं की झटके दिल्यावर अंगात ऊब वाटते, दुसऱ्या दिवशी मुंग्या येतात, हात थोडा जास्त उचलतो. एकाला पहिल्या दिवशी मांडीवरून हात उचलता येत नव्हता, तो चार-पाच इंच उचलायला लागला आणि पाचव्या दिवशी डोक्यावरची टोपी काढू शकला. पण पाचव्या दिवसानंतर सुधारणा थांबली. रोगी निराश झाले, घरी गेले आणि थोड्या दिवसांत पूर्वीसारखे झाले. कायमचा फायदा झालेला एकही रोगी आपल्याला माहीत नाही, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं. पुढे ते म्हणतात की जो तात्पुरता फायदा दिसला तो कशामुळे? विजेमुळे, की रोज आपल्या घरापर्यंत येण्या-जाण्याच्या व्यायामामुळे, की बरं होण्याच्या आशेमुळे माणसानं जास्त जोर लावला म्हणून?

ज्याचं नाव विजेशी जन्मभर जोडलं गेलं, त्या माणसानं विजेच्या बाजूनं साक्ष देताना ही शंका घेतली. आमच्या भावाच्या पेटीवाल्यानं हे पत्र वाचलं असतं तर!

मग इटली. लुईजी गॅल्व्हानींनी १७९१ मध्ये बेडकाच्या पायावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. दोन धातूंचा स्पर्श झाला की मेलेल्या बेडकाचा पाय उडतो, म्हणून वीज प्राण्याच्या आतच आहे, असं त्यांचं म्हणणं. व्होल्टा म्हणाले, नाही, वीज धातूंच्या संयोगातून येते, बेडूक फक्त ती दाखवतो. आणि १८०० मध्ये त्यांनी बेडकाशिवाय, धातूच्या चकत्या एकावर एक रचून बॅटरी करून दाखवली. पुष्कळांना वाटलं गॅल्व्हानी हरले. पण पुढे कळलं की दोघंही बरोबर होते. मज्जातंतूत खरोखरच विजेचा खेळ चालतो. फक्त तो तारेतल्या विजेसारखा नाही. तो सोडियम-पोटॅशियमच्या कणांच्या आत-बाहेर जाण्यानं होतो आणि सावकाश होतो. हेल्महोल्ट्झ यांनी १८५० मध्ये बेडकाच्या मज्जातंतूचा वेग मोजला तो सेकंदाला तीसेक मीटर निघाला. तारेतल्या विजेपुढे बैलगाडीच म्हणा. यावरून एक समज करून घ्या. यंत्रातली वीज मज्जातंतूत ‘भरली’ जात नाही. ती बाहेरून टिचकी मारते, आणि पुढचा संदेश मज्जातंतू आपल्याच पद्धतीनं नेतो. बॅटरी चार्ज होते तसं अंग चार्ज होत नाही. ‘करंटनं ताकद भरते’ ही भाषाच मुळात चुकीची.

फॅरेडेंनी १८३१ मध्ये विद्युत-प्रवर्तन शोधलं आणि कॉइलमधून तुटक-तुटक, अगदी क्षणिक झटके मिळायला लागले. त्यावरून ‘फॅरेडिक’ हा शब्द. आणि बॅटरीचा सलग प्रवाह तो ‘गॅल्व्हॅनिक’. आजही फिजिओथेरपीच्या वर्गात हीच दोन नावं शिकवतात.

ही कॉइलची पेटी उचलून पॅरिसच्या दवाखान्या-दवाखान्यातून फिरणारा एक माणूस होता. गियोम ड्युशेन. बूलोन गावचा, कोणत्याही रुग्णालयात पद नाही, मोठ्या डॉक्टरांत उठबस नाही. त्याच्या ध्यानात आलं की ओल्या गाद्या कातडीवर नेमक्या जागी ठेवल्या तर सुई न टोचता एकच स्नायू वेगळा हलवता येतो. १८५५ मध्ये त्याचं पुस्तक आलं. ज्या नेमक्या जागी स्नायू चटकन उत्तर देतो त्यांना आज मोटर पॉइंट म्हणतात. तुमच्या घरी येणारी फिजिओथेरपिस्ट मुलगी सासूबाईंच्या हातावर पेन सरकवत जागा शोधते ना, ती ड्युशेनचाच वारसा चालवत असते.

ड्युशेननं चेहऱ्यावरही प्रयोग केले. एका म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्याची संवेदना जवळजवळ गेलेली होती, त्यामुळे त्याला झटके टोचत नसत. त्याच्या गालाचा स्नायू विजेनं ओढला की तोंड हसायचं, पण डोळे हसायचे नाहीत. खरं हसू आलं की डोळ्याभोवतीचा स्नायूही हलतो, आणि तो सहसा हुकमानं हलत नाही. १८६२ मध्ये हे फोटोंसकट छापलं, आणि डार्विननं १८७२ च्या आपल्या पुस्तकात त्यातली चित्रं घेतली. विजेनं ओठ हसवले तर माणूस हसला का?

इथे आमचा विषय सुरू होतो. आता जरा भंडाऱ्यात या. धान कांडताना तुमच्या-आमच्या आज्यांनी मुसळ चालवलंय. कणादांच्या वैशेषिक सूत्रांत पाचव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच हे मुसळ आहे. विचार असा आहे. हात वर जातो तो आत्म्याच्या प्रयत्नामुळे. मुसळ वर जातं ते हातामुळे. पण मुसळ उखळात आदळून वर उसळतं, त्या उसळीला हात कारण नाही, आघात कारण आहे. आणि त्या उसळत्या मुसळाबरोबर हातही वर जातो, तेव्हा त्या हाताच्या हालचालीला तुमचा प्रयत्न कारण नसतो. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही वेळा हात वरच गेलेला दिसतो. एकदा प्रयत्नानं, एकदा उसळीनं. दोन हालचाली दिसायला सारख्या, पण कारण वेगळं.

आमची आई जे पाहत होती ती उसळ होती. प्रयत्न कुठेच नव्हता. आणि ताई, तुमच्या सासूबाईंची बोटं उघडतात ती तूर्त उसळच आहे. पण म्हणून यंत्र निरुपयोगी, असं आम्ही म्हणत नाही. थोडा धीर धरा.

लकवा, पोलिओ आणि चेहऱ्याचा अर्धांग ही तीन दुखणी लोक एकाच नावानं ओळखतात. शेतातल्या मोटरपंपाचा दाखला घेऊ. सबस्टेशनपासून डीपीपर्यंत मुख्य लाइन, डीपीपासून विहिरीवरच्या मोटरीपर्यंत आपली वायर. मेंदूतला झटका म्हणजे मुख्य लाइन तुटली. डीपी शाबूत, वायर शाबूत, मोटर शाबूत, फक्त वरून हुकूम येत नाही. पोलिओत मज्जारज्जूतल्या पेशी मरतात, म्हणजे डीपीच जळाला. आणि बेल्स पाल्सीत किंवा कुष्ठरोगात डीपी ते मोटर ही वायर बिघडते. आपल्या भंडारा-गोंदिया-गडचिरोली पट्ट्यातून कुष्ठरोग अजून गेलेला नाही, तो असा मज्जातंतूंनाच धरतो.

हे कशासाठी सांगितलं? तर वीज इथे उपचारापेक्षा आधी प्रश्न विचारायचं साधन आहे. मज्जातंतू जिवंत असेल तर तो एक हजारांश सेकंदापेक्षाही छोट्या झटक्याला उत्तर देतो. तो मेला असेल तर स्नायूला थेट उठवावं लागतं, आणि स्नायू आळशी, त्याला शंभरपट लांब झटका हवा. फॅरेडिकला उत्तर नाही, लांब गॅल्व्हॅनिकला सावकाश आळोखेपिळोखे दिल्यासारखं उत्तर आहे, म्हणजे वायर गेली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन डॉक्टरांनी हे नीट मांडलं, आणि १९०९ मध्ये लापिकनं त्याला आकड्यांत बसवलं. आमच्या भावाच्या मांडीवर जो टुणका दिसायचा तो कशाचा होता, हे त्या पेटीवाल्याला पाच मिनिटांत तपासता आलं असतं.

आता थोडं अप्रिय. वीज प्रयत्न देत नाही हे कळल्यावर काहींनी तिला प्रयत्न उकळण्याचं हत्यार केलं. पहिल्या महायुद्धात खंदकांतून परतलेले सैनिक मुके झाले, थरथरायला लागले, लुळे झाले. जखम कुठेच नाही. लंडनमध्ये यीलँड नावाच्या डॉक्टरनं त्यांना कोंडून, घशाला जबर फॅरेडिक झटके देऊन बोलायला लावलं, आणि १९१८ मध्ये अभिमानानं पुस्तक लिहिलं. व्हिएन्नात वाग्नर-यौरेग यांच्यावर असल्या उपचारांसाठी १९२० मध्ये चौकशी बसली. तिथे फ्रॉइडनीही मत दिलं. ते निर्दोष सुटले. आमचं मत विचाराल तर ती चिकित्सा नव्हती, ती सैनिकाला परत खंदकात पाठवण्याची घाई होती.

परत आपल्याकडे. १९५० च्या आसपास मुंबईत पोलिओची मोठी साथ आली. त्याआधीच फातिमा इस्माईल या स्वातंत्र्यलढ्यातल्या बाईंनी, स्वतःच्या मुलीला पोलिओ झाल्यावर, १९४७ मध्ये अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था काढली होती. हाजी अलीजवळचं मुलांचं ऑर्थोपेडिक रुग्णालय त्या कामातून उभं राहिलं. साथीनंतर महापालिका, सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून केईएम रुग्णालयात देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा सुरू केली, आणि १९५५ मध्ये हाजी अलीलाच अखिल भारतीय पुनर्वसन संस्था आली. पुढे नागपूरच्या मेडिकलमध्येही हे शिक्षण सुरू झालं. म्हणजे बघा, आपल्या देशात हा व्यवसाय उभा राहिला तोच लुळ्या पडलेल्या पोरांच्या पायांवर. पण त्या वेळी मुंबई आमच्या गावापासून एक दिवस-रात्र लांब होती, आणि पेटीवाला नागपुरात होता.

आई शेवटपर्यंत म्हणायची, “थोडा तरी फरक पडलाच होता की.” पडला होता, हे खरं. पाय मागच्यापेक्षा बरा झाला होता. पण पोलिओत पहिल्या काही महिन्यांत वाचलेल्या मज्जातंतूंना नवे फाटे फुटतात आणि स्नायू काही प्रमाणात आपोआप सुधारतात. मेंदूच्या झटक्यातही पहिल्या तीन महिन्यांत बरीच सुधारणा निसर्गतः होते. नेमक्या त्याच काळात आपण यंत्र लावतो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. आमच्या शास्त्रात याला काकतालीय न्याय म्हणतात, आणि गावठी औषधाच्या निम्म्या कीर्तीचं गुपित तेच आहे.

मग यंत्राचा खरा उपयोग कुठे? दोन ठिकाणी.

एक वेदनेवर. १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल यांनी सांगितलं की मज्जारज्जूत वेदनेच्या वाटेवर जणू फाटक असतं. स्पर्शाचे जाड तंतू जागे झाले की फाटक अर्धवट मिटतं. कोपर आपटलं की आपण चोळतो, ते उगाच नाही. छोट्या झटक्यांनी ते जाड तंतू जागे ठेवायचे, याच विचारावर ‘टेन्स’ चालतं. आयएफटीत दोन प्रवाह आडवे-उभे सोडून खोलवर जायचा प्रयत्न असतो. आपली मंडळी या सगळ्यालाच ‘शेक’ म्हणतात. शेक नव्हे हो. शेक देणारं यंत्र वेगळं, त्यात ऊब लागते. करंटमध्ये मुंग्या येतात. दवाखान्यात विचारत जा, शेक आहे की करंट? कारण ज्याची संवेदना गेली आहे, कुष्ठरोगी असो की मधुमेहाचा जुना रोगी, त्याला चटका बसला तरी कळत नाही. म्हणून चांगला थेरपिस्ट आधी गरम-थंड ओळखता येतं का हे तपासतो. छातीत पेसमेकर असेल तर तेही आधी सांगा.

दुसरा उपयोग हालचालीचा, आणि इथे मुसळ परत येतं. १९६१ मध्ये लिबरसन नावाच्या अमेरिकेतल्या डॉक्टरनं झटक्यानंतर पाऊल ओढत चालणाऱ्या रोग्यांसाठी एक युक्ती काढली. टाचेखाली बटण. टाच उचलली की गुडघ्याजवळच्या मज्जातंतूला झटका, आणि पाऊल वर. म्हणजे उसळच, पण रोगी चालायचा प्रयत्न करत असताना, नेमक्या त्या क्षणी. त्याला दिसलं की काही रोग्यांना नंतर यंत्र नसतानाही काही वेळ पाऊल उचलता येतं. माणसाचा प्रयत्न आणि बाहेरची उसळ एकाच क्षणी जुळली, तर शिकणं होतं. नुसती उसळ दिली तर स्नायूचा व्यायाम होतो, माणूस काही शिकत नाही. आज चांगले थेरपिस्ट यंत्र लावून गप्प बसत नाहीत. “आता तुम्हीपण उघडा, जोर लावा” असं प्रत्येक झटक्याला म्हणतात. फ्रँकलिननं ज्या तीन शंका घेतल्या होत्या, त्यातल्या व्यायामाची आणि आशेची शंका म्हणजेच उपचाराचा मोठा भाग निघाला.

भारतातला पोलिओचा शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ चा. २७ मार्च २०१४ ला आपला विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. तो दिवस आमच्या भावानं पेपरातून कापून ठेवला आहे. तो गावी शिलाईकाम करायचा. आयुष्यभर डाव्या मांडीवर हात टेकून चालल्यामुळे आता त्याचा खांदा दुखतो. त्यासाठी एक मुलगी घरी येऊन टेन्स लावते. पहिल्या दिवशी त्यानं वायर पाहून हात मागे घेतला होता. तिनं आधी स्वतःच्या मनगटावर लावून दाखवलं, मग म्हणाली, “काका, यानं फक्त दुखणं कमी वाटेल. खांदा तुम्हालाच फिरवायचाय.” साठ वर्षांनी का होईना, कोणीतरी सांगितलं.

तर ताई, सासूबाईंच्या मशीनबद्दल. थेरपिस्टला एवढंच विचारा की झटका येतो तेव्हा सासूबाईंनी काय करायचं? उत्तर “काही नाही, पडून राहायचं” असं आलं, तर पुढचे दोन प्रश्न त्यांना विचारा. मज्जातंतू जिवंत आहे का तपासलं का, आणि यंत्र काढल्यावर दिवसभरात हातानं कोणतं काम करून घ्यायचं? पेला धरायचा, पदर सावरायचा, डाळ निवडायची, जे जमेल ते. आणि मशीन चालू असताना तुम्ही स्वतः शेजारी बसून म्हणा, “आई, उघडा.”

आता प्रश्न घेऊ या. मागे हात वर आहे, बोला.